तुरीच्या दिवसांतलं एक शिफारसपत्र

डिसेंबर लागला की माझ्या पडद्यावर तूर दिसू लागते.

मी आता बीदरपासून फार लांब, युरोपातल्या एका थंड शहरात राहते. उपग्रहांनी काढलेली शेतांची चित्रं वाचायची, कुठल्या देशात काय पिकणार, कुठं तुटवडा पडणार, कुणाला कुणाच्या दारात जावं लागणार याचा अंदाज बांधायचा आणि निरनिराळ्या सरकारांना कळवायचा, हे माझं काम. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत असतं आणि माझ्यासमोर बीदर-गुलबर्ग्याकडची रानं पसरलेली असतात. सोयाबीन, उडीद निघून गेलेलं, जमीन उघडी पडलेली, आणि मधूनमधून तुरीचे पट्टे तेवढे हिरवे. मग आठवड्या-आठवड्याला तो हिरवा रंग विटत जातो. जनवाड्याचं आमचं रान म्हणजे त्या चित्रात जेमतेम दहा-बारा ठिपके. कामाचा त्यांच्याशी काही संबंध नसतो, तरी मी तिथं जाऊन थांबते. शेजारच्या टेबलावरच्या बाईला वाटतं, हिला घरची आठवण येते. येते, खोटं कशाला बोलू? पण तुरीबरोबर मला आधी आठवण येते ती एका माणसाची, आणि ती प्रेमाची नाही.

तुरीचा हंगाम तसा देखणा नाही. फुलं येतात तेव्हा रान पिवळंधमक होतं खरं, पण तेव्हाच अळीही येते. मग सकाळी सकाळी आम्ही रानात जायचो. अव्वा, म्हणजे आई, झाडाखाली जुनं लुगडं अंथरायची, अप्पा झाड धरून गदागदा हलवायचे आणि हिरव्या अळ्या टपाटपा लुगड्यावर पडायच्या. त्या गोळा करून लांब नेऊन पुरायचं काम माझं. ओल्या शेंगा मीठ घालून उकडल्या की दारापर्यंत वास यायचा. वाळल्या की त्याच शेंगा वाऱ्यानं खुळखुळायच्या. कापणी करायची ती अंगावर दव आहे तोवरच. ऊन चढलं की शेंग तडकते आणि दाणा मातीत जातो. मळणीची धूळ अशी चावरी की आठ-आठ दिवस मान खाजत राहायची. मला ती खाज अजून आठवते. काही गोष्टी अंग विसरत नाही.

अप्पांच्या लहानपणी आमच्या घरात मेंढरं होती. आजा ती घेऊन उदगीर, नारायणखेड, जहिराबादेपर्यंत हिंडायचा. माझ्या जन्माआधीच कळप मोडला. अडीच एकर रान उरलं, ते पुरेना, म्हणून अप्पा बीदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांकडं एका गोदामात पोती उचलायला जायचे. मी नववीत असताना एकदा तूर घेऊन ते गुलबर्ग्याच्या बाजारात गेले आणि मलाही नेलं. अडत्यानं पोत्यात हात घातला, दाणे तळहातावर खेळवले आणि म्हणाला, "माल चांगला हाय अण्णा, पर भाव पडलाय. बर्मात तूर लई झालीय. जहाज निघालंय."

"जहाज निघालंय हे तुमाला कोण सांगितलं?" अप्पांनी विचारलं.

"मुंबईहून फोन आला."

"बरं. अन् बर्मातल्या लोकांना आमची तूर किती झाली, ते कोण सांगतंय?"

अडत्या हसला. बोट वर करून म्हणाला, "वरून बघतेत की. आभाळातून."

तो थट्टा करत होता. मी ती खरी मानली. पुढं बीदरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला गेले, उपग्रहाची चित्रं कशी तयार होतात ते शिकले, तेव्हा कळलं की ते खरंच होतं आणि अडत्यालाच ते ठाऊक नव्हतं.

ते शिकवलं विश्वनाथ सरांनी. आमच्या विभागाचे ते प्रमुख. उंच, पांढऱ्याशुभ्र शर्टातले, हातात कायम खडू. उत्तम शिकवायचे. हे मी आजही नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर सोपं झालं असतं. एका करड्या चित्रातून नदी कशी ओळखायची, पडीक रान कसं ओळखायचं, हे ते असं सांगायचे की वर्गातून बाहेर पडल्यावर मी आमच्या गावाकडंसुद्धा वरून बघायला लागायची.

शेवटच्या वर्षाला असताना बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत मला एका परदेशी विद्यापीठाचं पान सापडलं. तंत्रज्ञान आणि आंतरराष्ट्रीय संबंध, दोन्ही मिळून एकच पदव्युत्तर अभ्यासक्रम. पान ओळीओळीनं उघडत होतं आणि मी ओळीओळीनं वाचत होते. उपग्रह, समुद्राखालच्या तारा, अणुऊर्जा, व्यापाराचे करार, आणि या सगळ्यावर देश एकमेकांशी कसे बोलतात. मला वाटलं, अप्पांनी त्या दिवशी बाजारात विचारलेला प्रश्न कुणीतरी दोन वर्षांचा अभ्यास करून ठेवलाय.

अर्जासोबत निबंध लागायचा. मी तुरीवरच लिहिला. बर्माचं जहाज, आभाळातला डोळा, आणि ज्याच्या रानाचं चित्र काढलं जातं त्याला ते चित्र कधीच बघायला मिळत नाही, ही गोष्ट. महिनाभर लिहिला. मग शिफारसपत्र मागायला सरांच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी निबंध उभ्याउभ्याच वाचला. "यात इंजिनिअरिंग कुठं आहे?"

"सर, उपग्रहाच्या चित्रावरून पिकाचा अंदाज..."

"ते ठीक. पण बर्मा, जहाज, करारमदार! हे आपलं काम आहे व्हय?" मग शेजारच्या टेबलावरच्या सरांकडं वळून ते कन्नडमध्ये म्हणाले की मेंढरं हाकणाऱ्यांच्या पोरी आता देश हाकायला निघाल्यात. दोघं हसले. मला कन्नड कळतं हे त्यांना माहीत होतं. आमच्या भागात ते कुणाला कळत नाही?

मीही हसले. बाकीचं सगळं मी त्यांच्या खात्यावर घालते, पण हे माझ्याच खात्यावर आहे. मीही हसले होते.

त्या काळी शिफारसपत्र बंद पाकिटात मिळायचं. पाकीट चिकटवून जोडावर सरांची सही आणि सहीवर चिकटपट्टी. विद्यार्थ्यानं ते फोडायचं नाही. फोडलं तर बाद. सरांनी चार पाकिटं दिली. मी वाकून नमस्कार केला.

चार दिवसांनी येळवस होती. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव रानात जेवायला जातं. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. अप्पांनी ती चार पाकिटं पांडवांपुढं ठेवली आणि हात जोडले. कुंकवाचं बोट लागेल म्हणून मी ती घाईनं उचलली. भोवती तूर उभी होती, निम्मी हिरवी, निम्मी वाळलेली. मावशीनं विचारलं, "निर्मले, तिकडं जाऊन काय शिकणार हाईस ग?" मी म्हटलं, "देशादेशांनी भांडण न करता कसं वागावं ते." ती म्हणाली, "ते आधी आमच्या भावकीला शिकव."

त्या दिवसाइतकी सुखी मी नंतर फार क्वचित झाले. म्हणूनच त्याचा राग जास्त.

तीन पाकिटं गेली. चौथ्या विद्यापीठाची मुदत, माझ्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल येईपर्यंत टळून गेली, म्हणून ते पाकीट घरीच राहिलं. मार्चअखेर तिन्ही ठिकाणांहून नकार आला. अप्पा म्हणाले, "नशिबात न्हवतं. पर सरांनी आपल्यासाठी केलं, ते इसरायचं न्हाई." नव्या तुरीची डाळ घरी भरडून झाली होती. तिची एक पिशवी घेऊन ते सायकलवरून सरांच्या घरी गेले. त्यानंतर दर वर्षी तूर निघाली की पहिली पिशवी सरांची.

मला कोळारलाच औषधांच्या एका कारखान्यात नोकरी लागली. आलेल्या-गेलेल्या मालाची संगणकावर नोंद करायची. अप्पांचं गोदाम पलीकडच्याच रस्त्यावर. सकाळी आम्ही दोघं एकाच टमटमनं जायचो.

पुढच्या डिसेंबरात, एका रविवारी दुपारी, पेटीत कसलासा दाखला शोधताना ते चौथं पाकीट हाताला लागलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून अंगणातल्या उन्हात बसून मी ते फोडलं. वाटलं, सरांनी काय चांगलं लिहिलंय ते तरी बघू.

पत्र इंग्रजीत होतं, सात ओळींचं. उमेदवार कष्टाळू आहे. इंग्रजी बेताचं आहे. जगाच्या व्यवहाराशी तिचा कधी संबंध आलेला नाही आणि तो यावा असं वातावरण तिच्या घरी नाही. निबंधातले विचार तिचे स्वतःचे असतील याची खात्री मी देऊ शकत नाही. उच्च अभ्यासासाठी मी तिची शिफारस करू शकत नाही. एखाद्या कार्यालयात संगणकावर नोंदी करण्याच्या कामास ती योग्य ठरेल.

ती शेवटची ओळ वाचली तेव्हा मला त्याच कामाला लागून सहा महिने झाले होते.

अव्वा तुराट्यांचा भारा घेऊन आली. "काय हाय ग ते?"

"जुना कागद."

"मग चुलीला दे की."

"न्हाई," मी म्हटलं.

मी कुणालाच सांगितलं नाही. अप्पांना तर मुळीच नाही. नकाराचं दुःख त्यांनी पचवलं असतं. पण 'घरी तसं वातावरण नाही' ही ओळ मी त्यांना कशी वाचून दाखवणार? तो निबंध ज्याच्या प्रश्नातून निघाला, तो माणूस त्याच घरात राहत होता. मग जानेवारीत अप्पांनी डाळीची पिशवी सायकलला अडकवली तेव्हा मी दारात उभी राहून बघत राहिले. पुढच्या जानेवारीतही तशीच उभी राहिले. दरम्यान त्या सात ओळी मला पाठ झाल्या. कारखान्यात नोंदी करताना त्या मनात चालू असायच्या, लहानपणी पाढे चालायचे तशा.

दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा सरांकडं गेले नाही. एक पत्र कारखान्याच्या मॅनेजरनं दिलं. दुसरं गुलबर्ग्याच्या एका शेतीशास्त्रज्ञ बाईंनी. सुट्टीच्या दिवशी जाऊन मी त्यांना नकाशे करून द्यायची. निबंध मात्र तोच पाठवला. एक शब्दही बदलला नाही. या वेळी प्रवेशही मिळाला आणि शिष्यवृत्तीही. अप्पा बातमी सांगायला सर्वांत आधी सरांकडं गेले.

त्या दोन वर्षांबद्दल लोक विचारतात तेव्हा मी ग्रंथालयाबद्दल सांगते, बर्फाबद्दल सांगते. खरी गोष्ट वेगळी आहे. पहिल्या दिवशी वर्गात प्रत्येकाला विचारलं गेलं, इथं का आलात? एक निवृत्त सैनिक होता, एक राजदूताची मुलगी होती, एक केनियाचा टेलिफोन इंजिनिअर होता. कुणी शांततेसाठी आलं होतं, कुणी हवामानासाठी. मीही अन्नसुरक्षा वगैरे बोलले. मनात उत्तर एकच होतं: एका माणसाला खोटं पाडायला.

सुडाची एक सोय असते. त्याला सुट्टी लागत नाही. अंतराळाचे कायदे, रेडिओलहरींची देशादेशांतली वाटणी, करारातला एक शब्द बदलायला तीन-तीन तास चालणारी चर्चा, हे सगळं मी त्या सात ओळींच्या जोरावर शिकले. कंटाळा आला की मनात म्हणायची, इंग्रजी बेताचं आहे, आणि पुन्हा पुस्तक उघडायची. एकदा सरावाच्या वाटाघाटी होत्या आणि चिठ्ठी काढून माझ्या वाट्याला नेमका बर्मा आला. समोर भारताच्या बाजूनं राजदूताची मुलगी. तिच्या जागी मी विश्वनाथ सरांना बसवलं आणि दोन दिवस एक पाऊलही मागं घेतलं नाही. प्राध्यापकांनी वर्गापुढं माझं कौतुक केलं. बिचारी राजदूताची मुलगी नंतर म्हणाली, "तू माझ्याशी इतकी कडू का वागलीस?" तिला काय सांगणार?

नोकरी लागली, वर्षं गेली. मग एका डिसेंबरात सरांची ईमेल आली. ते आता कॉलेजचे प्राचार्य झाले होते. वार्षिक कार्यक्रमाला प्रमुख पाहुणी म्हणून यावं, मुलांना या क्षेत्राची माहिती द्यावी, तू आमची विद्यार्थिनी याचा अभिमान आहे. मी लगेच होकार कळवला. सूड घ्यायला गेले नव्हते असं म्हणण्यात अर्थ नाही, त्यासाठीच गेले. फक्त तो कसा घ्यायचा ते ठरलं नव्हतं. मनात एवढंच होतं की चांगलं भाषण करायचं, त्यांनी बसून ऐकायचं. सभ्य माणसांचा सूड.

कार्यक्रमाच्या आधी एक मुलगी मला भेटायला आली. सुनंदा, दुबलगुंडीची, शेवटच्या वर्षाला. तिला हाच अभ्यासक्रम करायचा होता. छातीशी फाईल धरली होती. "मॅडम, सगळं तयार हाय. आज पाचच्या आत कुरिअर केलं की मुदतीत पोचतंय." त्या विद्यापीठाला शिफारसपत्र अजून कागदावरच लागायचं; फाईलमध्ये एक बंद पाकीट होतं. जोडावर सही. ती सही मी लांबूनही ओळखली.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत अव्वा आणि अप्पा. अप्पांनी नवा पटका बांधला होता. सर माझी ओळख करून द्यायला उठले. छान बोलले. आणि शेवटी म्हणाले, "या पोरीत काहीतरी आहे हे आम्ही तेव्हाच ओळखलं होतं. माझंच शिफारसपत्र घेऊन ही परदेशी गेली."

टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात अप्पांनी वाजवल्या.

मी माईकपुढं आले. सोबत आणलेली चित्रं दाखवलीच नाहीत. म्हटलं, सरांचं पत्र मला तोंडपाठ आहे, तुम्हालाही ऐकवते. आणि सातही ओळी मराठीत सांगितल्या, सावकाश, एक शब्द न गाळता. 'घरी तसं वातावरण नाही' ही ओळसुद्धा. मग त्याच सात ओळी कन्नडमध्ये सांगितल्या. कुणी सुटू नये म्हणून.

टाळ्या झाल्या नाहीत. सर समोरच्या फुलदाणीकडं बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. ते मी मन भरून पाहिलं. सूड घेऊन समाधान मिळत नाही असं जे म्हणतात, त्यांनी तो घेतलेला नसतो. मिळतं. मला मिळालं. अंगातून गरम काहीतरी खाली उतरत गेलं आणि पाय हलके झाले. वीस मिनिटं तसं होतं.

मग कॉलेजच्या पायऱ्यांवर मला सुनंदा दिसली. खाली बसली होती. मांडीवर फाडलेलं पाकीट, हातात कागद, आणि ती रडत होती. माझ्या मनात आलं, बघ, हिचंही तसंच केलं. खरं सांगते, मला आनंद झाला. आता दोघी मिळून त्याला धरू, असंच वाटलं.

"बघू," मी म्हटलं.

पत्र दीड पानाचं होतं. तिनं कुठला प्रयोग कसा केला, कुठं चुकली, चूक कशी शोधली, प्रयोगशाळेतलं बंद पडलेलं यंत्र तिनं कसं चालू केलं, दुबलगुंडीच्या शेतकऱ्यांना तीन भाषांत हवामानाचे निरोप पाठवायची तिची योजना काय होती, सगळं बारकाईनं लिहिलेलं. शेवटी लिहिलं होतं की इतक्या वर्षांच्या शिकवण्यात इतका स्वतंत्र विचार करणारी विद्यार्थिनी मी क्वचितच पाहिली.

"मॅडम, तुमचं ऐकून मला ऱ्हावलं न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं माझं बी तसंच आसंल. आता हे बाद झालं. चार वाजायलेत."

दुसरा उपाय नव्हता. मी तिला घेऊन सरांच्या केबिनकडं गेले. जाताना पाय पुन्हा जड झाले होते.

सर एकटेच बसले होते. माझ्याकडं बघितलं नाही. सुनंदानं कागद पुढं केला. "सर, पाकीट फुटलं."

"फुटलं का फोडलं?"

"फोडलं सर."

"वाचलंस?"

"व्हय सर."

"खोटं काही लिहिलंय का त्यात?"

"न्हाई सर." ती पुन्हा रडायला लागली.

मला गप्प राहायला हवं होतं. राहवलं नाही. "सर, माझ्या वेळी हात आखडला होता का?"

त्यांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "तेव्हा मला तसंच वाटलं होतं. जे वाटलं ते लिहिलं."

"मग आज सगळ्यांसमोर खोटं कामून बोललात?"

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"चुकलं म्हणा, सर. एवढं एकदा म्हणा."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. "हिची मुदत पाचची आहे. आधी हिचं." आणि कॉलेजचा छापील कागद पुढं ओढला. वीज गेलेली होती, संगणक बंद. ते हातानं लिहायला लागले. जुन्या पत्राकडं बघून, एकेक ओळ, त्याच वळणदार अक्षरात. आम्ही दोघी समोर उभ्या होतो. त्या केबिनमध्ये फक्त पेनाचा आवाज. मी त्यांच्या मानेकडं बघत होते. मान म्हातारी झाली होती. मला तो माणूस दुष्ट हवा होता. दुष्ट असता तर त्यानं माझ्या बाबतीत मुद्दाम केलं असं मानून मी मोकळी झाले असते. पण त्याला मी खरोखरच दिसले नव्हते. उपग्रहाच्या करड्या चित्रात नदी ओळखायला शिकवणाऱ्या माणसाला समोर उभी असलेली मुलगी दिसली नव्हती. आणि हिला तो बघू शकला, मला नाही. याचा राग आधीच्या रागाहून मोठा निघाला. त्याला कुठं ठेवायचं ते मला आजही कळत नाही.

पाकीट चिकटवलं, जोडावर सही केली. सुनंदानं वाकून पायांना हात लावला. मी लावला नाही.

कुरिअरच्या दुकानात पोचलो तेव्हा दहा मिनिटं उरली होती. पावती हातात आल्यावर सुनंदा माझ्याकडं वळली. आवाजात राग नव्हता, पण तिनं सांगितलंच. "मॅडम, तुमचं काम झालं. माझं मातर जायला लागलं हुतं."

मला तिचाही राग आला. ती बरोबर बोलत होती म्हणून.

जनवाड्याला परतताना टमटममध्ये अप्पा माझ्याशेजारी बसले होते. पटका सोडून मांडीवर ठेवलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तूर कापणीला आली होती. अप्पा म्हणाले, "तुला कवा कळलं हुतं?"

"पहिल्या वर्षीच. कोळारला कामाला लागले तवा."

"म्हंजे मी इतकी वर्सं डाळ नेऊन देत हुतो, अन् तू बघत हुतीस."

"तुमाला वाईट वाटलं असतं, अप्पा."

"अन् आज?"

सभागृहात त्या सात ओळी दोन भाषांत म्हणताना मी सगळ्यांकडं बघितलं होतं, फक्त पहिल्या रांगेकडं नाही. अप्पांनी पटक्याची घडी नीट केली. "तुझं बराबर हाय," ते म्हणाले. "मी असतो तर मी बी सोडलं नसतं. पर आधी घरात सांगायचं असतं, निर्मला." त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही.

सुनंदाला प्रवेश मिळाला. समुद्राखालून जाणाऱ्या तारा कुठल्या देशाच्या हद्दीतून न्यायच्या आणि तुटल्या तर दुरुस्तीचा हक्क कुणाचा, यावर ती आता प्रबंध लिहिते आहे. मला वर्षातून एकदा ईमेल पाठवते. सरांना महिन्यातून एकदा फोन करते, असं अव्वाकडून कळलं.

या डिसेंबरात कॉलेजातून पुन्हा ईमेल आली. विश्वनाथ सर निवृत्त होत आहेत, जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणींची पुस्तिका काढायची आहे, आपण दोन शब्द लिहून पाठवावेत. आठवडाभर मी ती उघडून बंद करत होते. अव्वाला फोन केला.

"तुझा राग गेला न्हाई व्हय अजून?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग गेला म्हणून लिहू नकोस."

पडद्यावर तुरीचे पट्टे विटायला लागले होते. मी त्यांच्या बाजूला कोरं पान उघडलं. ते शिकवायचे कसं, त्यावर चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. त्या सात ओळी इंग्रजीतच लिहून काढल्या, त्याही पुसल्या. शेवटी एकच वाक्य लिहिलं, खाली माझं नाव घातलं आणि पाठवून दिलं:

'सुनंदाला दिलेलं पत्र चांगलं होतं.'